फोंड्यातल्या दवाखान्याची वेबसाइट: काय ठेवावे, काय काढावे

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्यात नवरा-बायको दोघेही डॉक्टर. पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ, पती बालरोगतज्ज्ञ. दवाखाना, सोबत सोनोग्राफी आणि सहा खाटा. एका एजन्सीने वेबसाइटचे पॅकेज पुढे ठेवले आहे. त्यात रुग्णांचे अभिप्राय आहेत, ऑनलाइन अपॉइंटमेंट आहे, लक्षणे लिहून पाठवायचा फॉर्म आहे, 'प्रेग्नन्सी टूल्स' आहेत, गुगलवर जाहिराती आहेत आणि पहिल्या पानावर 'गोव्यातील अग्रगण्य' अशी ओळ आहे. यातले काय घ्यावे आणि कायद्यात काय बसत नाही, असे दोघांनी विचारले आहे.

डॉक्टर, त्या पॅकेजमधले निम्मे आधी काढून टाका. उरलेल्यातही फेरफार लागतील. गोव्यातल्या दवाखान्यांची आणि छोट्या इस्पितळांची संकेतस्थळे बांधणे, सांभाळणे आणि पुष्कळदा दुसऱ्याने बांधलेली निस्तरणे हेच माझे काम आहे. त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो. डॉक्टरला कायद्याने जे लिहिता येत नाही, ते रुग्णाला वाचायचेही नसते. 'अग्रगण्य' हा शब्द पाहून फोंड्याची बस कोणी पकडत नाही.

नियमांपासून सुरुवात करू, कारण एजन्सीवाले तिथेच गोंधळ घालतात. तुम्हाला लागू असलेले मुख्य नियम म्हणजे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे नियम. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले होते, त्यात समाजमाध्यमांवरही मार्गदर्शन होते; पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. 'नव्या नियमांत हे चालते' असे कोणी सांगितले तर कोणते नवे, ते विचारा.

२००२ च्या नियमांत रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे आपल्याकडे ओढणे हे अनैतिक वर्तन मानले आहे. डॉक्टरने वर्तमानपत्रात जाहीर निवेदन द्यायचे प्रसंगही मोजके आहेत: नवीन दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर गेला, परत आला, शुल्क जाहीर केले, असे. मात्र डॉक्टर चालवत असलेल्या संस्थेसाठी, म्हणजे प्रसूतिगृह किंवा नर्सिंग होमसाठी, थोडी मोकळीक आहे. संस्थेचे नाव, कोणत्या प्रकारचे रुग्ण घेतले जातात, कोणते प्रशिक्षण व सोयी आहेत आणि शुल्क किती, एवढे जाहीर करता येते. त्यापलीकडे काही नको. हे नियम वर्तमानपत्रे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत, त्यामुळे वेबसाइटला नेमके काय लागू होते यावर वकील वाद घालू शकतील. मी ग्राहकाला त्या वादात पडू देत नाही. संस्थेसाठी दिलेली ही यादीच वेबसाइटचा आराखडा म्हणून घेतो, आणि मजा अशी की रुग्णाला हवे असते तेही नेमके यातच असते.

म्हणून वेबसाइट दवाखान्याच्या नावाने करा, तुमच्या नावाने नको. डॉक्टरांची माहिती आतल्या पानावर द्या: नाव, मान्यताप्राप्त पदव्या, नोंदणी क्रमांक, बसण्याच्या वेळा, कोणत्या भाषा बोलता. गोवा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक वेबसाइटवर असावाच. तो कुठे कुठे दाखवायचा हे सांगताना २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून सल्ला) मार्गदर्शक सूचनांत वेबसाइट आणि व्हॉट्सअॅप यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नावापुढे फक्त मान्यताप्राप्त पदव्या. आठवड्याभराच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावा, नावापुढे लावू नका. तुम्ही दोघे पदव्युत्तर पदवी घेतलेले आहात, त्यामुळे 'तज्ज्ञ' लिहिण्यात अडचण नाही. पण ज्या शाखेची खास पात्रता नाही तिचा तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. एजन्सीने मजकुरात 'वंध्यत्वतज्ज्ञ' घातले आहे का, तेवढे पाहा. आययूआय (गर्भाशयात वीर्य सोडण्याचा उपचार) करत असाल तर २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यित प्रजनन, कायद्याखाली लेव्हल-१ ची नोंदणी लागते. ती नसताना ते सेवांच्या यादीत असणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा स्वतःच छापणे.

फोटोचे काय, हे सगळे विचारतात. लेटरहेडवर आणि पाटीवर स्वतःचा फोटो छापणे २००२ च्या नियमांनी आत्मप्रसिद्धी ठरवले आहे. वेबसाइटचे नाव तिथे नाही. माझा सल्ला असा: पहिल्या पानावर फोटो नको, आतल्या माहितीच्या पानावर एक साधा फोटो पुरे. बाळाला हातात घेऊन हसणारा, मागे फुगे असलेला बॅनर तर नकोच. इमारतीचा दर्शनी फोटो मात्र मोठा ठेवा. नवीन माणसाला रस्त्यावरून दवाखाना ओळखता येतो.

अभिप्राय काढून टाका. 'डॉक्टरांमुळे माझे बाळ वाचले' हे वाक्य खरे असले तरी तुमच्या वेबसाइटवर ते तुमची जाहिरातच होते. शिवाय त्यात रुग्णाचे नाव आणि आजार एकत्र येतात. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करता येत नाही, आणि फोंड्यासारख्या ठिकाणी ओळख पटायला नाव लागत नाही. 'शिरोड्याच्या एका शिक्षिकेला जुळे झाले' एवढे लिहिले तरी कोण ते अर्ध्या तालुक्याला कळते.

गुगलवरचे रिव्ह्यू वेगळे. ते लोक आपणहून लिहितात, तुम्ही थांबवू शकत नाही. पैसे, सवलत किंवा फुकट तपासणी देऊन ते लिहून घेऊ नका. गुगललाही ते चालत नाही. वाईट रिव्ह्यू आला की उत्तर देताना तोल जातो. 'तुम्ही फॉलोअपला आलाच नाहीत, गोळ्याही मध्येच बंद केल्या' असे लिहिलेत की ती व्यक्ती तुमची रुग्ण होती हे तुम्हीच जगजाहीर केलेत, उपचारांसकट. 'आपले म्हणणे वाचले. दवाखान्याच्या क्रमांकावर फोन केल्यास सविस्तर बोलू.' यापुढे एक अक्षर नको.

आता पॅकेजमधली सर्वांत धोक्याची गोष्ट. ती 'प्रेग्नन्सी टूल्स' आहे. असल्या तयार संचांत प्रसूतीची तारीख काढायच्या गणकाशेजारी चिनी कॅलेंडरवरून मुलगा की मुलगी ते सांगणारे एक खेळणे बसवलेले सापडते. बनवणाऱ्या परदेशी कंपनीला तो निव्वळ विनोद वाटतो. आपल्याकडे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याचे कलम २२ आहे. गर्भलिंगनिदान किंवा लिंगनिवड यांसंबंधी, शास्त्रीय असो वा नसो, कोणत्याही मार्गाची कोणत्याही प्रकारे जाहिरात करण्यास त्यात बंदी आहे, आणि इंटरनेटचा त्यात स्पष्ट समावेश आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये साबू मॅथ्यू जॉर्ज खटल्यात सर्च इंजिनांनाही याबाबत बजावले आहे. तुमच्याकडे सोनोग्राफी मशीन आहे, म्हणजे तपासणी आली की अधिकाऱ्यांची नजर आधी तुमच्यावर. ते खेळणे काढायलाच लावा. निळ्या-गुलाबी फुग्यांचे विकतचे फोटोही काढा. परदेशातल्या 'मुलगा की मुलगी' पार्ट्यांचे असतात ते. सोनोग्राफीच्या पानावर पीसीपीएनडीटी नोंदणी क्रमांक द्या आणि 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे' ही सूचना दवाखान्यातल्या फलकाप्रमाणेच ठळक ठेवा.

दुसरा जुना पण जागा असलेला कायदा म्हणजे १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा. कर्करोग, मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, स्त्रियांचे वंध्यत्व अशा ५४ आजारांवरच्या औषधांची जाहिरात तो रोखतो. पाळीच्या तक्रारी, गर्भपात आणि गर्भनिरोध यांवरच्या औषधांचीही. डॉक्टरने आपल्याच जागेत 'येथे अमुक आजारावर उपचार होतात' अशी पाटी लावली तर तिला सूट आहे. पण वेबसाइट म्हणजे 'आपली जागा' असे गृहीत धरू नका. म्हणून सेवांच्या पानावर औषधांची नावे नकोत, 'खात्रीशीर', 'कायमचे', 'शंभर टक्के' नको. 'पाळीच्या तक्रारींची तपासणी व सल्ला' इथे थांबा. गर्भपाताच्या सेवेची नोंद करायचीच तर मान्यताप्राप्त केंद्र असल्याचा कोरडा उल्लेख पुरे. त्या रुग्णाची गोपनीयता राखणे हे वेगळे कायदेशीर बंधनही आहे.

फसवे दावे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही येतात. 'अग्रगण्य' तिथेही अडकेल, कारण ते सिद्ध कसे करणार?

गुगल जाहिरातींबद्दल मी सरळ नाही म्हणतो. 'फोंडा स्त्रीरोगतज्ज्ञ' शोधणाऱ्याला पैसे भरून तुमचे नाव सर्वांत वर दाखवणे म्हणजे रुग्ण ओढणेच झाले. आणि त्याची गरजही नाही. गुगलवरची मोफत व्यवसाय-नोंद नीट भरलेली असली, नाव-पत्ता-फोन तिथे आणि वेबसाइटवर तंतोतंत सारखा असला, की फोंड्यासारख्या शहरात तुम्ही आपोआप सापडता. नकाशावरची टाचणी मात्र स्वतः तपासा. दवाखान्याच्या दारात उभे राहून मोबाइलवर पाहा. ती मागच्या गल्लीत पडलेली असेल तर रुग्ण उलट्या बाजूने येऊन कंपाउंडच्या भिंतीशी उभा राहतो, आणि फोन तुमच्या रिसेप्शनला येतो.

आता रुग्णाला काय हवे ते पाहू. उसगाव, धारबांदोडा, शिरोडा, सावईवेरे, कुठून कुठून बसने माणसे फोंड्यात येतात. त्यांचा पहिला प्रश्न: आज डॉक्टर बाई आहेत का? दुसरा: कितीपर्यंत आहेत? मोबाइलचे पान उघडताच, बोट न सरकवता, याचे उत्तर दिसले पाहिजे. आपल्याकडे दुपारी एक ते चार शटर खाली. पण एजन्सीच्या साच्यात 'सकाळी ९ ते रात्री ८' असे एकाच दमात लिहिलेले असते, आणि दीड वाजता पोटुशी बाई पायरीवर बसून राहते. दोन्ही डॉक्टरांच्या वेळा वेगळ्या लिहा, शस्त्रक्रियेचा दिवस वेगळा दाखवा. चवथ, शिगमो, नाताळ या सुट्ट्यांची सूचना आठवडाभर आधी वर चढवा. फोन क्रमांक चित्रात नको. बोट लावताच फोन लागला पाहिजे. रस्ता सांगताना कदंब बसस्थानकापासून सांगा, गुगलच्या भाषेत नको. 'अमुक बेकरीच्या समोर, पहिला मजला, लिफ्ट आहे' हे लिहा. आठव्या महिन्यातल्या बाईला लिफ्ट आहे की नाही हे पदव्यांपेक्षा महत्त्वाचे असते.

तिसरा प्रश्न हमखास येतो: कार्ड चालते? म्हणजे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चौघे वा अधिक असतील तर चार लाखांचे संरक्षण देणारी ही २०१६ पासूनची योजना फक्त संलग्न इस्पितळांत चालते. तुम्ही संलग्न असाल तर कोणत्या उपचारांसाठी ते लिहा. नसाल तर 'येथे चालत नाही' हे तितक्याच स्पष्टपणे. अनेक डॉक्टरांना नकार लिहायला संकोच वाटतो. रुग्णाला बिलाच्या टेबलावर ते कळण्यापेक्षा हे बरे. शुल्कही लिहा. दवाखान्यात फलकावर शुल्क लावणे हे २००२ च्या नियमांनी तुमच्यावर आधीच बंधन आहे, तर वेबसाइटवर लपवून काय साधणार?

आणि तातडीच्या वेळेचे. रात्री दवाखाना बंद असतो तेव्हा काय करायचे, ते एका ओळीत हवे: १०८, फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ, बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय). तापात आकडी आलेल्या मुलाचे आईवडील रात्री दोन वाजता तुमची वेबसाइट उघडतील, आणि तिथे 'फॉर्म भरा, २४ तासांत संपर्क करू' असे दिसले तर काय?

भाषा तीन ठेवा: मराठी, कोकणी, इंग्रजी. सासष्टीत, म्हणजे मडगावकडे, दवाखाना असता तर रोमी (रोमन लिपीतली) कोकणीही घ्या म्हणालो असतो. आपोआप भाषांतर करणारे बटण लावू नका, निदान औषधे, उपाशीपोटी येण्याच्या सूचना आणि लसीकरण या पानांवर तरी नको. पाच पानांचा मजकूर माणसाकडून लिहून घेणे फार महाग नाही. देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये हवा, चित्रात नको. नाहीतर गुगलला तो दिसत नाही आणि दृष्टी अधू असलेल्याचा मोबाइल तो वाचून दाखवू शकत नाही.

आजारांवर लेख घालण्याचा मोह आवरा. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहायला डॉक्टरला मुभा आहे, पण एजन्सी जे 'दरमहा चार लेख' देते ते कुठून तरी उचललेले असतात. पावसाळ्यातला डेंग्यू, लसीकरणाचे वेळापत्रक, गरोदरपणातला आहार, असे मोजकेच तुम्ही स्वतः लिहा आणि खाली तारीख टाका. वेळापत्रक बदलले की तारीखही बदला.

लक्षणे लिहून पाठवायचा फॉर्म काढा. कोणी त्यात काय लिहील याचा विचार करा: पाळी चुकलेली अविवाहित मुलगी, नवऱ्याबद्दलची तक्रार, मुलाची मानसिक अवस्था. ते सारे एजन्सीच्या सर्व्हरवरून फिरत एखाद्या सामायिक ईमेलमध्ये पडून राहते, आणि तो ईमेल रिसेप्शनवर बदलत गेलेल्या प्रत्येक मुलीच्या मोबाइलवर उघडा असतो. नाव, फोन, कोणते डॉक्टर, कोणता दिवस. एवढ्यावर अपॉइंटमेंट होते. जे मागितलेच नाही ते फुटतही नाही. व्हॉट्सअॅपसाठी दवाखान्याचे स्वतंत्र सिम आणि स्वतंत्र मोबाइल घ्या. त्याचा बॅकअप कोणाच्या खासगी खात्यावर जात नाही ना, तेही पाहा.

कायदा इथे दोन टप्प्यांत आहे. सध्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम: आरोग्याची माहिती 'संवेदनशील', गोपनीयता धोरण वेबसाइटवर हवे, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क हवा, तक्रार महिन्याभरात सोडवायची. एकट्या मालकीचा व्यवसायही यात येतो, त्यामुळे 'आम्ही कंपनी नाही' ही सबब चालत नाही. पुढचा टप्पा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. सुरक्षेतल्या हलगर्जीला दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. संमती मागताना सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात आहेत, आणि तुमची पाने तीन भाषांत असतील तर हे काम आधीच झालेले असेल.

बालरोगतज्ज्ञांसाठी एक खास मुद्दा. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि बालकांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. मुलांच्या आरोग्यसेवेपुरती डॉक्टरांना सवलत आहे. जाहिरातबाजी तिच्यात बसवायला जाऊ नका. एजन्सी न सांगता वेबसाइटवर फेसबुकचा पिक्सेल किंवा तसलाच मागोवा घेणारा कोड बसवते. कोण कोणते पान पाहतो हे त्यातून बाहेर जाते. अमेरिकेत गुडआरएक्स कंपनीवर वापरकर्त्यांची आरोग्य-माहिती फेसबुक-गुगलला दिल्याबद्दल २०२३ मध्ये १५ लाख डॉलरच्या दंडाची कारवाई झाली. तुम्हाला महिन्याला किती लोक आले एवढेच कळायला हवे, आणि ते सर्व्हरच्या नोंदीतूनही कळते.

व्हिडिओवरून सल्ला देणार असाल तर २०२० च्या सूचना पूर्ण वाचा. रुग्णाने स्वतः सुरुवात केली तर संमती गृहीत धरली जाते, पण ओळख, वय, नोंदी, प्रिस्क्रिप्शन यांचे नियम आहेत आणि काही औषधे लिहिताच येत नाहीत. टेलिमेडिसिनची जाहिरात करून रुग्ण मिळवण्यालाही मनाई आहे. प्रश्नांना स्वतःच उत्तरे देणारा चॅटबॉट तर नकोच. त्या सूचनांनुसार यंत्राला रुग्णाला सल्ला देता येत नाही, औषधही लिहून देता येत नाही.

एक गोष्ट पॅकेजमध्ये कुठेच दिसली नाही, आणि वेबसाइट असण्याची सर्वांत थेट कायदेशीर सक्ती तिथेच आहे. जैव-वैद्यकीय कचरा नियम, २०१६. खाटा कितीही असोत, कचऱ्याचा वार्षिक अहवाल आपल्या वेबसाइटवर ठेवणे २०१८ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांच्या वर्गवारीने मासिक नोंदही दाखवायची असते. नमुना ४ मधला अहवाल ३० जूनपर्यंत गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला जातो. त्याचीच पीडीएफ चढवा. तळाशी 'जैव-वैद्यकीय कचरा' अशी एक लिंक पुरे. रुग्ण ती उघडणार नाही, मंडळाचा माणूस उघडेल. त्याच्याच शेजारी गोव्याच्या २०१९ च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखालचा नोंदणी क्रमांक द्या.

बांधणीबद्दल फार बोलत नाही. पाच-सहा स्थिर पाने पुरेत. वर्डप्रेस आणि त्यावर वीस प्लगइन कशाला? ते वेळच्या वेळी अद्ययावत केले नाहीत तर वेबसाइट फोडली जाते आणि तुमच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. तसे काही घडले तर सर्ट-इनला (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) सहा तासांत कळवण्याचे बंधन आहे, हे बहुतेक दवाखान्यांना ठाऊकच नसते.

सही करण्यापूर्वी एवढे पाहा: डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एजन्सीच्या नावावर घेतले जात नाही ना? वर्षभराने भांडण झाले की पत्ता त्यांच्याकडे राहतो आणि पाटीवर, प्रिस्क्रिप्शनवर, गुगलवर छापलेला दुवा मेलेला. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावरून घ्या. होस्टिंग आणि गुगल नोंदीचे मूळ खातेही तुमचे. एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश. काम संपल्यावर सगळा मजकूर व फाइली परत मिळतील, रुग्णांची माहिती त्यांच्याकडे उरणार नाही, आणि वेळा बदलणे, सुट्टी टाकणे हे तुमच्या रिसेप्शनवरून करता येईल, असे करारात लिहून घ्या. आगाऊ रक्कम त्यानंतर.